कान अधू झाल्यामुळे डॉक्टरकी हुकली, त्याच रमाबाईंनी केडगावात अंध मुलींना शिकवायची सोय केली

सोलापूरहून पुण्याला रेल्वेने जाताना दौंड मागे पडलं की थोड्या वेळात केडगाव लागतं. साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी याच गावात अंध मुली बोटांनी वाचायला शिकत होत्या. ही सोय झाली पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये.

विधवांसाठी झटणाऱ्या रमाबाई आपल्याला माहीत असतात. ही गोष्ट मात्र कमी सांगितली जाते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईने लेकीला. कुटुंब कायम तीर्थयात्रेत, त्यामुळे शाळेचा प्रश्नच नव्हता. आई म्हणायची, रमा ऐकायची. असं ऐकूनच बाराव्या वर्षापर्यंत त्यांना भागवताचे १८ हजार श्लोक पाठ झाले.

पुढे दुष्काळात आईवडील गेले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये लग्न झालं, पण दोनच वर्षांत नवरा वारला. पदरात लहानगी मनोरमा होती.

१८८३ मध्ये डॉक्टर व्हायचं ठरवून त्या इंग्लंडला गेल्या. तिथे नेमके कानच अधू झाले. ज्या कानांनी सगळी विद्या दिली, त्यांच्यामुळेच वैद्यकीय शिक्षणाचं दार बंद झालं.

पण रमाबाई थांबल्या नाहीत. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकवलं. १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्यावर लहान मुलांना हाताने करून शिकवायची बालवाडीची पद्धत अभ्यासली. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं, ते पुढच्या वर्षी पुण्याला हलवलं. इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्यावरून पुण्यात मोठा वाद पेटला आणि १८९३ मध्ये अनेक पालकांनी आपल्या मुली सदनातून काढून घेतल्या.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावात मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथे आश्रयाला आलेल्यांत अंध मुलीही होत्या.

त्या काळी निराधार अंध मुलीपुढे भीक मागण्यावाचून फारसा मार्ग नसायचा. दोन वेळचं जेवण देऊन तिला कोपऱ्यात बसवलं असतं, तरी लोकांनी उपकारच मानले असते. पण इथे त्यांच्यासाठी बार्तिमी सदन हा वेगळा विभाग निघाला. मनोरमाबाई अमेरिकेत ब्रेल शिकून आल्या होत्या, त्यांनी ती या मुलींना शिकवली. ब्रेलमध्ये सहा उठावदार ठिपक्यांच्या वेगवेगळ्या मांडणीतून अक्षरं तयार होतात आणि ती बोटांनी वाचतात. आज आपल्या भाषांसाठी वापरली जाणारी भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरली. केडगावचा वर्ग त्याच्या जवळपास अर्धं शतक आधीचा. वाचनासोबत टोपल्या विणण्यासारखी हाताची कामंही शिकवली जायची, म्हणजे पोटापाण्याची सोय व्हावी.

१९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. संस्था आजही सुरू आहे.

२०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केलेत आणि अशा मुलांना सर्वांसोबत शिकायचा हक्क दिलाय. पण वर्गात कामी येतात त्या साध्या गोष्टी. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पुढे बसवायचं आणि त्याच्याकडे तोंड करून बोलायचं. फळ्यावर लिहिलेलं मोठ्याने वाचायचं, म्हणजे न दिसणाऱ्यालाही ते कळतं.

मुलीला दिसत नाही, मग ती शिकणार कशी, असं म्हणून केडगावात कुणी हात वर केले नाहीत. तिला बोटांनी शिकवलं.