बेभरवशाच्या भागांचा भरवसा : जॉन फॉन नॉयमन

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला तेरीज नवी नाही. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली नाही की कुठेतरी चूक आहे एवढे कळते. ती कोणत्या नोंदीत आहे, हे मात्र तेरीज सांगत नाही. चूक ओळखणे निराळे आणि चूक होऊनही काम बिनचूक चालू ठेवणे निराळे. हा दुसरा, अवघड प्रश्न यंत्रांच्या बाबतीत ज्यांनी गणिताच्या कसोटीवर घासून पाहिला, ते थोर गणिती म्हणजे जॉन फॉन नॉयमन.

त्यांचा जन्म २८ डिसेंबर १९०३ रोजी हंगेरीतील बुडापेस्ट येथे एका सधन ज्यू कुटुंबात झाला. वडील बँकेच्या व्यवसायात होते. मुलाची गणितातील गती विलक्षण होती. पण नुसत्या गणितावर पोट कसे भरणार, ही काळजी त्या वडिलांनाही होतीच. म्हणून नॉयमन यांनी झुरिचला रसायन अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि १९२६ साली बुडापेस्ट विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेटही मिळविली. १९३० मध्ये ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले. १९३३ मध्ये तेथील उच्च अध्ययन संस्थेत ते प्राध्यापक झाले. आइन्स्टाइन हे त्यांचे तेथील सहकारी. अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला खेळ-सिद्धांतावरील ग्रंथ १९४४ साली निघाला व अर्थशास्त्राला नवी दृष्टी मिळाली. याच बुद्धीने नागासाकीवर पडलेल्या अणुबॉम्बच्या रचनेलाही हातभार लावला, हेही विसरून चालणार नाही.

१९४४ च्या उन्हाळ्यात ॲबरडीनच्या रेल्वे फलाटावर हर्मन गोल्डस्टाइन या लष्करी अधिकाऱ्याकडून त्यांना ‘एनिॲक’ या गणकयंत्राची हकिकत कळली. त्या यंत्रात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि त्या वरचेवर निकामी होत. पुढे १९४५ साली त्यांनी नव्या यंत्राचा आराखडा लिहिला. आज्ञा आणि आकडे एकाच स्मृतीत ठेवण्याची कल्पना त्यात होती. त्या विचारात एकर्ट व मॉक्ली यांचाही वाटा होता. परंतु आराखड्यावर एकट्या नॉयमन यांचेच नाव आले आणि त्या दोघांच्या मनात ती सल राहिली.

प्रिन्स्टनला त्यांच्या मार्गदर्शनाखाली उभारलेले यंत्र १९५२ साली जाहीर झाले. त्याची स्मृती ४० नळ्यांची, आणि प्रत्येक संख्येचा एकेक अंक एकेका नळीत. म्हणजे एक नळी बिघडली की सगळ्याच संख्या बिघडल्या!

त्याच वर्षी जानेवारीत कॅलिफोर्नियातील तंत्रज्ञान संस्थेत दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी या दुखण्याच्या मुळाला हात घातला. ही व्याख्याने १९५६ साली प्रसिद्ध झाली. एकच काम तीन यंत्रांना द्यावे आणि बहुमताचे उत्तर धरावे, हा विचार सोपा. पण मते मोजणारा भागही तसल्याच बेभरवशाच्या सुट्या भागांचा, मग त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? नॉयमन यांनी एका तारेऐवजी तारांची जुडी योजली आणि प्रत्येक पायरीवर जुडीतील बहुमत पुन्हा सावरून घेण्याची युक्ती सुचविली. मुळात भागच फार चुकत असतील, तर कितीही प्रती करा, उपयोग नाही. पण चुकांचे प्रमाण एका मर्यादेखाली असेल, तर हवी तेवढी खात्री मिळते. मात्र तिची किंमत मोजावी लागते. २५०० नळ्यांच्या यंत्रातील प्रत्येक भाग दोनशेत एकदा चुकत असेल आणि आठ तासांत एखादीच चूक चालणार असेल, तर प्रत्येक तारेच्या जागी सुमारे १४,००० तारा लागतील, असा त्यांचा हिशेब होता.

आज भाग पुष्कळ सुधारले आहेत. पण प्रश्न तोच आहे. एखाद्या लहान कचेरीत दोन सर्व्हर ठेवून दोघांवर तीच माहिती साठवतात. त्यांच्यातील तार तुटली की प्रत्येकाला वाटते, दुसरा बंद पडला. मग दोघेही स्वतंत्रपणे नव्या नोंदी घेऊ लागतात आणि एकाच पेढीच्या दोन खातेवह्या तयार होतात! म्हणून तिसरे एक छोटे यंत्र साक्षीदार म्हणून ठेवतात. ज्याच्या बाजूला दोन मते, त्यानेच नोंदी घ्यायच्या. एकटा पडलेल्याने थांबायचे. बहुमताचा हिशेब जमतो तो चुका एकमेकींवर अवलंबून नसतील तरच. तिन्ही यंत्रांच्या तारा एकाच स्विचमध्ये आणि वीज एकाच बोर्डावरून घेतली, तर प्रती तीन असूनही भरवसा एकाच प्लगचा. म्हणून स्विच दोन, वाटा दोन आणि विजेची सोयही वेगवेगळी ठेवावी लागते.

१९५५ साली नॉयमन यांना कर्करोग झाल्याचे निदान झाले. यंत्र आणि मेंदू यांची तुलना करणारी व्याख्याने ते लिहीत होते. ती अपुरीच राहिली व १९५८ मध्ये पुस्तकरूपाने आली. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, वॉशिंग्टनच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

कोणताही भाग कधी ना कधी दगा देणार, हे त्यांनी आधीच मान्य केले आणि मग हिशेब मांडला. जमाखर्च लिहिणाऱ्याने त्यांच्याकडून एवढे जरी घेतले तरी पुष्कळ झाले.