नसता उद्योग

घरात कुणी काही नवे करायला घेतले की आपल्याकडे पहिला शेरा ठरलेला असतो. मुलाने भिंतीवरचे घड्याळ उघडले, जावयाने जुनी मोटारसायकल विकत आणली, निवृत्तीला आलेल्या काकांनी पेटी शिकायला घेतली, की ‘नसता उद्योग’ हे दोन शब्द कानावर येतातच. ज्यातून पगार येतो तो उद्योग आणि ज्यात पगार जातो तो नसता उद्योग, अशी सरळ वाटणी आपण करून टाकली आहे.

हे दोन शब्द मी गेली पंचवीस वर्षे ऐकतो आहे. मी तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यातला माणूस. एक आठवडा सकाळची पाळी, पुढचा दुपारची, त्यापुढचा रात्रपाळी. पाळीच्या माणसाला रविवार हक्काचा नसतो. त्याची सुट्टी कुठल्याही वारी पडते, लग्नकार्याला तो अक्षता पडून गेल्यावर पोहोचतो आणि गल्ली जागी होते तेव्हा खिडक्या लावून झोपतो. अशा उलट्यासुलट्या दिवसांच्या फटीत मी दोन गोष्टी जपल्या. एक म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणारी जुनी महिंद्र जीप. सुट्टीला ती घेऊन डोंगरातल्या गाडीवाटा धुंडाळायच्या. दुसरी म्हणजे मागच्या खोलीत फळ्यांवर मांडलेली छोटी आगगाडी. खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीपट लहान. मीटरगेजचे एक मीटर अंतरावरचे रूळ तिच्यात जेमतेम १२ मिलिमीटरवर येतात.

या फळ्यांवर मी पुणे-मिरज मार्गावरचे कुंडल रोड स्टेशन उभे करायला घेतले. १९७१ साली मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले, त्याआधीचे. आज त्या स्टेशनचे नाव किर्लोस्करवाडी आहे. एका गावाचे नाव मागे पडून एका घराण्याचे नाव फलाटावर कसे लागले, हे शोधताना मला लक्ष्मणराव किर्लोस्कर नव्याने भेटले. कारखानदार लक्ष्मणराव आपण सगळ्यांनी ऐकलेले असतात. मला भेटले ते नोकरी सांभाळून सायकलींच्या मागे लागलेले ड्रॉइंग मास्तर.

रंग हुकले, रेषा राहिल्या

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर येथे झाला. वडील वेदान्ताचे जाणकार, घर विद्वत्तेचे. या मुलाचे मन मात्र पोथ्यांत नव्हते आणि शाळेच्या पुस्तकांतही नव्हते. त्याला दोन गोष्टींचा नाद होता, चित्रे काढण्याचा आणि कळा-दांड्यांच्या वस्तूंचा. वडीलबंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले, म्हणून १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. ब्राह्मणाच्या मुलाने चित्रे काढून पोट कसे भरायचे, हा प्रश्न त्या काळी किती घरांत विचारला गेला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

दोन वर्षे बरी गेली आणि मग घात झाला. लक्ष्मणरावांच्या डोळ्यांना काही रंगांमधला फरक कळत नाही, असे लक्षात आले. चित्रकार व्हायला निघालेल्या तरुणाला याहून मोठा धक्का कोणता असणार? रंगपेटी मिटली. पण रेषेला रंग लागत नाही. यंत्रांचे आराखडे काढण्याची विद्या त्यांनी धरून ठेवली, आणि तिच्याच बळावर त्यांना भायखळ्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक ड्रॉइंग शिकवण्याची नोकरी मिळाली. ही संस्था १८८७ साली निघालेली, म्हणजे मास्तरही नवा आणि शाळाही नवी.

इथून पुढचा भाग मला फार जवळचा वाटतो. मास्तरांची नोकरी फळा आणि कागद यांच्यापुरती होती. तास संपला की त्यांना घरी जायला कुणाची आडकाठी नव्हती. लक्ष्मणराव मात्र संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जायचे आणि ज्या यंत्रांचे आराखडे मुलांना शिकवायचे ती यंत्रे हाताने चालवायला शिकायचे. त्यासाठी त्यांना जादा पगार नव्हता. कागदावरचे चाक आणि हातातले चाक यांतला फरक त्यांना स्वतःला जाणून घ्यायचा होता, एवढेच.

त्याच सुमारास जगात सायकलचे वारे सुटले होते. एक चाक प्रचंड आणि एक इवले, अशी जुनी धोक्याची सायकल मागे पडत होती आणि दोन्ही चाके सारखी, मागच्या चाकाला साखळी, अशी नवी सायकल इंग्लंडमध्ये चालू झाली होती. १८८८ साली डनलॉपने हवेचे टायर आणले. मुंबईच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या या वाहनाने लक्ष्मणरावांना झपाटले. आज जुन्या जीपच्या नुसत्या आवाजाने आमच्यासारख्यांचे जे होते, तेच त्यांचे सायकल पाहून झाले असावे.

फरक असा, की लक्ष्मणराव नुसते पाहत राहिले नाहीत. मुंबईत सायकली घ्यायच्या आणि बेळगावला रामूअण्णांकडे पाठवायच्या, असा क्रम त्यांनी सुरू केला. १८८८ साली बेळगावात सायकलचे छोटे दुकान निघाले. रामूअण्णा सायकली विकत, दुरुस्त करून देत आणि गिऱ्हाइकाला बसायलाही शिकवत. सायकलची किंमत सातशे रुपयांच्या पुढे आणि शिकवण्याची फी पंधरा रुपये. आजच्या हिशेबाने ती मोटारगाडीच म्हणायची. दुकानावर दोघा भावांचे मिळून नाव आले, किर्लोस्कर ब्रदर्स. धाकटा भाऊ तेव्हा मुंबईत खडू हातात धरून उभा होता.

बढती हुकली तेव्हा

असे सुमारे दहा वर्षे चालले. मग बढतीची वेळ आली. ती लक्ष्मणरावांना मिळायला हवी होती, मिळाली एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला. त्या राजवटीत हे नवल नव्हते आणि त्याविरुद्ध दादही नव्हती. १८९७ साली त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले.

पाळीवर काम करताना मी अनेकांची बढती हुकलेली पाहिली आहे. माणूस खचतो तो पगाराच्या फरकामुळे फारसा नाही. आपण म्हणजे आपली नोकरी, असे त्याने मनाशी धरलेले असते आणि नोकरीने पाठ फिरवली की त्याच्यापाशी दुसरे काहीच उरत नाही. लक्ष्मणरावांपाशी उरले होते. वर्कशॉपमध्ये शिकलेले हात होते, सायकलचे दुकान होते आणि भाऊ होता. दहा वर्षांच्या नसत्या उद्योगाची ही कमाई होती.

बेळगावात त्यांनी आधी वैरण कापण्याचे यंत्र बनवले. मग लोखंडी नांगर हाती घेतला. लाकडी नांगर जमीन वरवर खरवडतो, लोखंडी फाळ खोल जाऊन माती उलथवतो, हे त्यांना पटलेले होते. शेतकऱ्यांना पटलेले नव्हते. लोखंडाने जमीन नासते, तिला विष चढते, असा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. जो माल विकला जात नाही तो कारखान्यात रचून ठेवायचा आणि तरी पुढचा नांगर ओतायचा, याला काय म्हणावे? गावाने नसता उद्योगच म्हटले असणार.

अशात बेळगावच्या नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे कारखान्याची जागाही सोडणे भाग पडले. यंत्रे आहेत, माणसे आहेत आणि पाय ठेवायला जमीन नाही, अशी अवस्था झाली. त्या वेळी हात पुढे केला तो औंधच्या राजांनी.

औंधचा राजा, राजाचे छंद

औंध संस्थान लहान आणि तेही विखुरलेले. राजधानी औंध आज सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात येते. कुंडल आणि आटपाडी हे भाग आजच्या सांगली जिल्ह्यात. या संस्थानाच्या गादीवर १९०९ साली भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी बसले. वयाने ते लक्ष्मणरावांहून काही महिन्यांनी मोठे.

बाळासाहेबांचे नसते उद्योग मोजायचे तर रविवारची पुरवणी पुरायची नाही. ते स्वतः चित्रकार होते. १९१६ साली त्यांचे चित्ररामायण प्रसिद्ध झाले. ते कीर्तन करीत. सूर्यनमस्कार स्वतः रोज घालीत आणि प्रजेलाही घालायला लावीत, त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिले. देशोदेशीच्या कलावस्तू जमवून १९३८ साली त्यांनी औंधला यमाईच्या डोंगराच्या अंगाखांद्यावर श्रीभवानी वस्तुसंग्रहालय उभारले. राजा रविवर्म्याची चित्रे तिथे आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराने घडवलेली आई आणि मूल ही मूर्तीही आहे. पुसेसावळीच्या बाजूने जीप घेऊन औंधला जाताना मी दर वेळी तिथे थांबतो. खेड्यातल्या शांत दालनात हे सारे पाहताना माणूस गप्प होतो.

हे सगळे करताना राज्यकारभार सुटला असेल, असे कुणाला वाटेल. १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने बाळासाहेबांनी प्रजेला जबाबदार राज्यपद्धतीची घटना दिली, आणि त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत सुरू झाली. पुढे ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट निघाला तो तिच्याच प्रेरणेने. छंदाने कामात खोट आली, असे त्यांच्याबाबत म्हणता येत नाही.

या राजाने लक्ष्मणरावांना कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये कर्ज दिले. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान आणि नागसापांची वस्ती. जवळून जाणारा रेल्वेमार्ग एवढीच तिची श्रीमंती. कोळसा येणार आणि नांगर जाणार तो त्याच वाटेने. १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. पंचवीस कामगार आपापली बिऱ्हाडे घेऊन या माळावर आले.

लक्ष्मणरावांनी कारखाना आणि गाव एकाच आराखड्यात मांडले. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियम केला. रात्रीच्या पहाऱ्यावर शिक्षा भोगून आलेली माणसे नेमली आणि त्यांच्यावर विश्वास टाकला. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, पाण्याचे पंप बाहेर पडू लागले. ज्या शेतकऱ्याने लोखंडाला विष म्हटले होते त्याचाच नातू किर्लोस्करांचा नांगर घ्यायला बाजारात रांग लावू लागला असेल. या माळावरूनच १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली आणि पुढे ‘स्त्री’ व ‘मनोहर’ ही मासिके घरोघरी गेली. नांगराच्या कारखान्यातून मासिके निघावीत, हाही नसता उद्योगच.

दोन माणसे, एक माळ

लक्ष्मणरावांची गोष्ट सांगताना आपण एक चूक हमखास करतो. छंद मोठा झाला, त्याचा कारखाना झाला, म्हणून तो सार्थकी लागला, असे मुलांना सांगतो. मग माझी छोटी आगगाडी पाहून पाहुणे विचारतात, यातून पुढे काय करणार? पुढे काही करणार नाही. आठ तास भट्टीच्या आवाजात काढल्यावर बारा मिलिमीटरच्या रुळावर इंजिन नीट वळले की माझी रात्रपाळी उतरते. मला तेवढे पुरते.

म्हणून कुंडलच्या माळावरची दोन्ही माणसे एकदम डोळ्यांसमोर आणावीत असे मला वाटते. एकाच्या छंदाचा उद्योग झाला. दुसऱ्याचा छंद शेवटपर्यंत छंदच राहिला. चित्रांनी औंधच्या खजिन्यात भर घातली नाही, उलट खजिन्यातून खर्चच झाला. पण हाताने काही घडवण्याची ओढ ज्याला स्वतःला ठाऊक नाही, अशा राजाने विकला न जाणारा नांगर बनवणाऱ्या माणसाला जमीन दिली असती का? मला शंका आहे. चित्रकला सोडावी लागलेल्या माणसाला चित्रकार राजाने ओळखले, असे मी समजतो.

१९४८ साली औंध संस्थान विलीन झाले. बाळासाहेब १९५१ साली गेले, लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी. १९६९ साली लक्ष्मणरावांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. रामूअण्णांचे तिकीट निघाले नाही. पण मला या साऱ्या गोष्टीत सर्वांत जास्त आठवतात ते तेच. धाकट्या भावाने मुंबईहून सातशे रुपयांची दोन चाके पाठवली तेव्हा कपाळाला हात लावण्याऐवजी त्यांनी दुकान उघडले, लोकांना सायकलवर बसवले आणि पडू नये म्हणून मागून धरून पळत गेले असतील. छंद ज्याला असतो त्याचे पुष्कळ कौतुक होते. तो ज्या घरात टिकतो, त्या घरात एक रामूअण्णा असतो.