गायनमहर्षी अल्लादियाखाँ

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे आपल्या अध्यक्षाबाईंनी मला सांगितले. जिजामाता, अहिल्यादेवी, सावित्रीबाई यांच्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे. म्हणून यंदा मी एका गवयाचे चरित्र निवडले. त्याला कारणही तसेच आहे. आपल्या भजनाला नेमाने येणाऱ्या काही वडीलधाऱ्या भगिनी अलीकडे येईनाशा झाल्या आहेत. पेटी वरच्या पट्टीत लागली की आवाज पोहोचत नाही, मग चारचौघींत हसे कशाला करून घ्यायचे, असे त्यांना वाटते. माझ्या भाच्याचेही तसेच झाले. लहानपणी तो अभंग असा खणखणीत म्हणे की वाटेने जाणारे थांबत. चौदाव्या वर्षी आवाज फुटला, वरचे स्वर गेले, आणि पोराने गाणेच टाकले. या सर्वांना खाँसाहेबांची हकिगत ठाऊक असावी असे मला वाटते.

अल्लादियाखाँ यांचा जन्म १८५५ साली राजस्थानातील उणियारा येथे झाला. घराणे पिढीजात गवयांचे. वडील अहमदखाँ लवकर निवर्तले. मग चुलते जहांगीरखाँ यांनी पुतण्याला हाताशी धरले. आधी धृपद-धमार, मग ख्याल, अशी वर्षानुवर्षे तालीम चालली. त्या काळी तालीम म्हणजे दिवसाचे कितीतरी तास एकाच स्वरावर, एकाच पलट्यावर घासणे होय. एवढ्या मेहनतीने तरुणपणी त्यांचा आवाज गोड आणि मोकळा झाला होता. संस्थानोसंस्थानी त्यांचे कौतुक होऊ लागले.

याच दिवसांत ते माळव्यातील आमलेटा या लहानशा संस्थानात गेले. तेथील अधिपती गाण्याचे मोठे शौकीन होते. त्यांची हौस काही केल्या भागेना. रोज तासन्‌तास गाणे होऊ लागले. आश्रयदात्यास नाही म्हणण्याची सोय गवयास नव्हती. अखेर एवढ्या ताणाने खाँसाहेबांचा आवाज बसला. गळ्यातील स्वरतंतू फार ताणले गेले की सुजतात, आणि त्यांना विश्रांती द्यावी लागते, हे आज आपण जाणतो. खाँसाहेबांचा आवाज मात्र दोनएक वर्षे परत आला नाही. ज्याचे पोटपाणी गळ्यावर, त्याने ती वर्षे कशी काढली असतील याची कल्पना आपण भगिनींनी करावी. शिवणाऱ्या बाईचा हात निकामी व्हावा, तसेच ते.

आवाज परतला खरा, पण तो पूर्वीचा नव्हता. जड झाला होता. पहिली गोडी आणि वर जाण्याची मोकळीक गेली होती. दुसरा एखादा गवई जुन्याच ढंगाने ओढाताण करीत राहिला असता. खाँसाहेबांनी तसे केले नाही. हाती उरलेल्या आवाजास काय शोभेल, याचा त्यांनी नव्याने विचार केला. निव्वळ गोडीवर आणि चढ्या स्वरांवर भिस्त न ठेवता त्यांनी लयीवर आणि स्वरांच्या गुंफणीवर गाणे उभे केले. त्यांची तान सरळ वर जाऊन सरळ खाली येत नाही. आपण वेणीचे पेड घालतो तशी ती वळत, गुंतत, तबल्याच्या मात्रेमात्रेला धरून पुढे सरकते आणि नेमकी समेवर उतरते. अप्रचलित आणि जोडरागांचे मोठे भांडार त्यांच्यापाशी होते. या गायकीस पुढे जयपूर-अत्रौली घराणे हे नाव मिळाले.

फिरत फिरत ते कोल्हापुरास आले. १८९५ च्या सुमारास शाहू महाराजांनी त्यांना दरबारगवई म्हणून ठेवून घेतले. १९२२ साली महाराज निवर्तले, तोवर जवळजवळ सत्तावीस वर्षे खाँसाहेब कोल्हापुरात राहिले. भास्करबुवा बखले यांच्यासारखे नामांकित गायक त्यांच्यापाशी शिकले. पुढे ते मुंबईस गेले आणि १६ मार्च १९४६ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले.

आपल्या मंडळाच्या दृष्टीने खरी महत्त्वाची गोष्ट यापुढची आहे. एका पुरुषाच्या बदललेल्या, जड आवाजासाठी घडलेली ही गायकी उजळ माथ्याने पुढे नेली ती प्रामुख्याने दोन स्त्रियांनी. दोघीही गोव्याच्या. केसरबाई केरकर यांनी कित्येक वर्षे त्यांच्यापाशी कठोर तालीम घेतली. मोगूबाई कुर्डीकर सांगलीस राहत असताना खाँसाहेब औषधोपचारासाठी तेथे आले होते. त्यांच्या कानी मोगूबाईंचा रियाज पडला आणि ते आपण होऊन शिकवू लागले. मध्यंतरी त्या शिक्षणात खंड पडला, तेव्हा मोगूबाई त्यांचे बंधू हैदरखाँ यांच्याकडे शिकल्या. पण विद्या सोडली नाही. गाणाऱ्या बाईकडे समाज वाकड्या नजरेने पाही, त्या काळातील ही गोष्ट आहे. पुढे केसरबाईंना १९६९ साली आणि मोगूबाईंना १९७४ साली पद्मभूषण मिळाले. मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर यांचाही आवाज ऐन तारुण्यात दोनएक वर्षे गेला होता. त्याही पुन्हा गाऊ लागल्या आणि २०१७ साली निवर्तेपर्यंत केवढ्या उंचीवर पोहोचल्या, हे आपण सर्व जाणतो.

आपण तर तेरच्या गोरोबाकाकांच्या मुलखातल्या. मडके आव्यातून निघाल्यावाचून पक्के होत नाही, हे आपल्याला कोणी वेगळे सांगावयास नको. खाँसाहेबांचा गळा त्या आव्यातून गेला. तो वेगळा होऊन बाहेर आला, आणि जसा आला तसा त्यांनी तो वापरला.

तेव्हा माझी एक सूचना आहे. येत्या आठवड्यापासून भजनाची पेटी दोन पट्ट्या खाली लावावी. ज्यांना वर जाता येते त्या खालच्या पट्टीतही गाऊ शकतात. ज्यांना जाता येत नाही, त्यांच्यासाठी मात्र वरची पट्टी म्हणजे बंद झालेले दारच होय. ज्या भगिनी घरी बसल्या आहेत, त्यांच्या दारी मी स्वतः बोलावणे घेऊन जाणार आहे. भाच्यालाही पेटी धरावयास बोलावले आहे. गावे की न गावे, हे त्याचे त्याने ठरवावे.