शाहीर पठ्ठे बापूराव : कीर्ती आणि वाद

मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. आपल्या नांदेड जिल्ह्यातील गावेच्या गावे तिकडे लोटतात. घोडे, गाढवे, बैल यांच्या बाजाराप्रमाणेच तेथे तमाशाचे फडही उतरतात. रात्री ढोलकीवर थाप पडली की शिकलेसवरलेलेही तंबूकडे वळतात. मात्र दुसऱ्या दिवशी चारचौघांत ते कबूल करताना ओशाळतात. या चोरट्या प्रेमाची किंमत ज्यांनी आयुष्यभर उघडपणे मोजली, ते शाहीर म्हणजे पठ्ठे बापूराव.

त्यांचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म 11 नोव्हेंबर 1866 रोजी वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे झाला. घरी ब्राह्मणाचे सोवळेओवळे आणि कुलकर्णीपणाचे वतन होते. पण या मुलाचे कान मात्र जात्यावरच्या ओव्यांकडे आणि गावकुसाबाहेरच्या तमाशाकडे लागलेले. पुढे त्यांनी घर सोडले आणि तमाशा हाच आपला धर्म मानला. आपले ब्राह्मण्य बाजूला ठेवल्याचे त्यांनी स्वतःच्या रचनेतच निर्भयपणे जाहीर केले. ज्या काळी अस्पृश्याची सावलीही विटाळ मानली जाई, त्या काळी महार-मांग कलावंतांच्या पंक्तीला बसणे म्हणजे केवढा अपराध! स्वजातीयांचा रोष त्यांना पत्करावा लागला.

संगमनेरजवळच्या हिवरगावची पवळा त्यांच्या फडात आली आणि त्यांच्या लावणीला जणू पंख फुटले. पवळा जन्माने महार. तिचे रूप, तिचा आवाज आणि बापूरावांचे शब्द यांचा असा काही मेळ जमला की खेड्यापासून मुंबईच्या गिरणगावापर्यंत त्यांचे नाव गाजले. 1908-09 च्या सुमारास छत्रपती शाहू महाराजांसमोर त्यांनी मिठाराणीचा वग सादर केला. गण, गौळण, लावणी, वग या सर्वांवर त्यांची हुकमत होती. त्यांच्या लावण्यांची संख्या दोन लाख सांगितली जाते. त्यांतील फार थोड्या आज हाती आहेत.

परंतु बापूराव आणि पवळा यांच्या संबंधांची चर्चा त्यांच्या कवनांइतकीच झाली. कुणाला त्यात धर्म बुडाल्याचे दिसले, कुणाला जातिभेदावरचा घाव दिसला. पुढे दोघांची ताटातूट झाली आणि फडाला उतरती कळा लागली.

सर्वांत मोठा प्रश्न मात्र उपस्थित झाला तो वेगळ्याच दिशेने. बापूरावांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीला तमाशाच्या उत्पन्नातून मदत देऊ केली. बाबासाहेबांनी ती नाकारली. अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा त्याच समाजाच्या स्वाभिमानाच्या लढ्याला कसा चालावा, हा त्यामागचा विचार होता. ज्यांनी जात सोडली त्यांनाच हे ऐकावे लागले, हे वरवर कठोर वाटते. पण थोडे थांबून विचार केला तर त्यातील सत्य बोचू लागते. बापूरावांनी आपली जात स्वेच्छेने टाकली, म्हणून ते बंडखोर ठरले. पवळेला तशी निवड कोठे होती? तमाशा हा तिच्या जातीवर लादलेला पोटाचा धंदा होता. त्यांच्या त्यागाचे पोवाडे झाले. तिच्या वाट्याला कुतूहल आणि कुजबूज आली.

एके काळी लाखोंना डोलविणारा हा शाहीर अखेरच्या दिवसांत दारिद्र्यात खितपत पडला. 22 डिसेंबर 1945 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

बापूरावांची प्रतिभा थोर होती, त्यांचे धाडसही खरे होते. आणि बाबासाहेबांचा नकारही तितकाच खरा होता. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवणे सोपे नाही. तरीही लावणीचा अभ्यास करणाऱ्या आपण विद्यार्थ्यांनी ते केले पाहिजे. पुढच्या वेळी माळेगावच्या तंबूत शिट्टी मारण्यापूर्वी, रंगमंचावर नाचणारी ती कोण आणि ती तेथे का आहे, एवढा प्रश्न जरी आपल्या मनात आला, तरी पवळेचे ऋण थोडे फिटेल.