शोधनिबंधांचा तराजू आणि हाफकिन

संशोधकाची थोरवी ठरविण्यासाठी अलीकडे आकड्यांचे एक स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले आहे. निबंध किती प्रसिद्ध झाले आणि इतरांनी त्यांचा उल्लेख कितीदा केला, यावर नेमणुका व बढत्या बऱ्याच अंशी अवलंबून असतात. १९६४ मध्ये यूजीन गारफील्ड यांनी विज्ञानातील अशा उल्लेखांची सूची काढली, तेव्हा ती संदर्भ शोधण्याची सोय होती. पुढे तिचाच तराजू झाला आणि तो सावनेरसारख्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयापर्यंत येऊन पोहोचला. या तराजूत काय मावते आणि काय निसटते, हे जाणण्यासाठी वाल्डेमार हाफकिन यांचे चरित्र पाहणे उद्बोधक ठरेल.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथील ज्यू कुटुंबात झाला. मेच्निकॉफ यांच्यासारखा गुरू लाभूनही धर्मामुळे रशियात प्राध्यापकपदाचा मार्ग त्यांना बंद होता. १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले, ते ग्रंथालयातील दुय्यम नोकरीवर. तेथेच त्यांनी पटकीवरील लस सिद्ध केली आणि जुलै १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. हे संशोधन जगापुढे आले ते थोड्या पानांच्या टिपणांतून. पुढील वर्षी ते हिंदुस्थानात आले आणि सुमारे अडीच वर्षांत चाळीस हजारांहून अधिक लोकांना त्यांनी पटकीची लस दिली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान मांडले. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईस आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना मिळाली एक खोली व एक ओसरी. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. मांसरसावर तुपाचे थेंब सोडून त्यांनी प्लेगचे जंतू वाढविले, उष्णतेने मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लसही स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली. त्यांच्यापैकी दोघांना प्लेग झाला, पण कोणी दगावले नाही. न घेतलेल्यांपैकी बारा जणांना तो झाला आणि सहा जण मरण पावले.

परंतु स्वेच्छेने पुढे येणारे लोक मुळातच निराळे असतील, अशी शंका कोणीही घेऊ शकला असता. १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंढेरा गावी हाफकिन यांनी या शंकेला वाव ठेवला नाही. तेथे घरोघरची माणसे दोन गटांत विभागून एका गटालाच लस देण्यात आली. घर तेच, अन्न तेच, भेद केवळ लसीचा. ज्या घरांत पुढे प्लेग शिरला, तेथे लस घेतलेल्यांपैकी आठ जण आजारी पडून तीन दगावले. न घेतलेल्यांपैकी सत्तावीस जण आजारी पडले आणि त्यांतील सव्वीस मृत्युमुखी पडले. अर्ध्या गावाला संरक्षणाविना ठेवणारा हा प्रयोग आजच्या नीतिनियमांत बसणार नाही. मात्र आपल्या दाव्याची कसोटी स्वतःच कठोर करण्याची वृत्ती त्यात स्पष्ट दिसते.

१८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली. इंग्लंडात विषमज्वराची लस करणाऱ्या ॲल्मरॉथ राइट यांनी हाफकिन यांच्या कामाचे ऋण मान्य केले. एका संशोधकाने दुसऱ्याचा केलेला उल्लेख खरा सार्थ होतो तो असा.

आणि मग ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे एकाच बाटलीतील लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने मरण पावली. चौकशी समितीने दोषाचे मूळ परळच्या प्रयोगशाळेत असल्याचे मानले. हाफकिन यांचे पद गेले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि उघडतेवेळी लसीला दुर्गंधी नव्हती, या पुराव्याकडे लक्ष देण्यास सरकारला वर्षे लागली. अखेर जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स पत्रात त्यांची बाजू मांडली. त्याच वर्षी त्यांना पुन्हा नोकरी मिळाली, पण ती कलकत्त्यास. परळला ते परतले नाहीत. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले. परळच्या संस्थेस १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. तोपर्यंत प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा तेथून बाहेर पडल्या होत्या.

या आयुष्याचा हिशेब उल्लेखांच्या सूचीत कसा मांडावयाचा? मुलकोवालच्या दुर्घटनेचीही चर्चा विपुल झाली. केवळ संख्या मोजणाऱ्याला निंदा आणि मान्यता यांतील भेद कळत नाही. हाफकिन आकड्यांचे शत्रू नव्हते, उलट आकड्यांवरच त्यांची सारी भिस्त होती. पण ते आकडे वाचलेल्या आणि दगावलेल्या माणसांचे होते, आणि कोणालाही तपासता येतील असे होते. बढतीसाठी निबंध मोजणाऱ्या समित्यांनी त्यांतला एक तरी निबंध उघडून वाचावा आणि त्यातील दावा कोणत्या कसोटीवर घासला गेला, हे विचारावे. मोजदाद त्यानंतर करण्यास कोणाचीच हरकत असणार नाही.