लोकसभेच्या दिवसाला शिस्त लावणारा मराठी माणूस : दादासाहेब मावळंकर

किल्लारी : संसदेचं अधिवेशन सुरू झालं की आपल्या मोबाईलवर दिल्लीचे व्हिडिओ फिरायला लागतात. कुणी ओरडतंय, कुणी कागद भिरकावतंय, कुणी बाहेर निघून जातंय. बघणाऱ्याला वाटतं, एवढंच चालतं का तिथं? पण त्या सभागृहात रोज सकाळी अकरा वाजता जे सुरू होतं, त्याचा एक कागद आधीच तयार असतो. त्याला कार्यसूची म्हणतात, म्हणजे त्या दिवसाच्या कामांची यादी. ग्रामसभेच्या नोटिशीवर विषय क्रमांक एक, विषय क्रमांक दोन आणि शेवटी ऐनवेळचे विषय असतात ना, तसंच देशाच्या पातळीवर.

हा कागद नीट लागावा, त्यात सरकारच्या कामाला किती वेळ आणि साध्या खासदाराला किती वेळ हे ठरलेलं असावं, यासाठी ज्या माणसानं आयुष्याची शेवटची दहा वर्षं घातली, तो मराठी होता. गणेश वासुदेव मावळंकर. स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष. लोक त्यांना दादासाहेब म्हणत. आपल्याकडं नाव ऐकलेले लोक कमी. म्हणून हा लेख.

कोकणातलं घर, गुजरातेत कर्मभूमी

मावळंकरांचं मूळ गाव मावळंगे. रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यात. गावावरूनच आडनाव पडलं. जन्म मात्र बडोद्याचा, २७ नोव्हेंबर १८८८. सुरुवातीचं शिक्षण राजापूर आणि आसपासच्या गावांत झालं. १९०२ साली ते अहमदाबादला गेले आणि तिथलेच झाले. १९०८ ला गुजरात कॉलेजातून पदवी घेतली, १९१२ ला वकिलीची परीक्षा पहिल्या वर्गात पास झाले आणि १९१३ पासून अहमदाबादेत वकिली सुरू केली. घर मराठी, पण ते गुजरातीत बोलत, गुजरातीत लिहीत. त्या शहरानंही त्यांना परकं मानलं नाही.

वकिली चांगली चालत होती. पैसा मिळत होता. पण त्याच शहरात १९१५ ला गांधीजी येऊन राहिले, आणि वल्लभभाई पटेल त्याच कोर्टात वकिली करत होते. मावळंकर गुजरात सभेचे सचिव झाले. सार्वजनिक कामात एकदा शिरले ते शिरलेच.

आणेवारीचा झगडा

शेतकऱ्यानं लक्षात ठेवावी अशी गोष्ट १९१८ ची. खेडा जिल्ह्यात पाऊस अवेळी झाला, पिकं गेली. तेव्हा नियम असा होता की पीक चार आण्यांच्या आत आलं तर त्या वर्षीचा सारा माफ. शेतकरी म्हणत होते पीक चार आण्यांच्या आत आहे, सरकारी अधिकारी म्हणत होते जास्त आहे. आपल्याकडं आजही पैसेवारी पन्नासच्या आत की बाहेर यावर जे भांडण चालतं, ते तेच भांडण. शंभर वर्षं झाली, आकडे बदलले, भांडण तसंच.

गुजरात सभेनं हा प्रश्न हाती घेतला, अर्ज-विनंत्या केल्या, आणि पुढं गांधीजींच्या नेतृत्वाखाली खेडा सत्याग्रह झाला. मावळंकर त्या कामात होते. आधी अर्ज, त्यावर लेखी उत्तराची मागणी आणि उत्तर खोटं निघालं तर पुन्हा प्रश्न. सरकारला नियमात पकडायचं कसं, हे ते असल्या कामांत शिकले असणार, असं मला वाटतं.

पुढं अहमदाबाद नगरपालिकेत ते निवडून आले. १९३० ते ३३ आणि पुन्हा १९३५-३६ मध्ये नगराध्यक्ष होते. पाणी, गटार, रस्ते, शाळा यांच्या सभा चालवल्या. स्वातंत्र्याच्या लढ्यात अनेकदा तुरुंगात गेले. सगळे मिळून जवळपास सहा वर्षं आत काढली. तुरुंगात चोर, दरोडेखोर, खुनी यांच्याशी बोलले, त्यांच्या कहाण्या ऐकल्या आणि त्यावर गुजरातीत पुस्तक लिहिलं. माणूस वकील होता, पण गुन्हेगारालाही ऐकून घेणारा होता. पुढं अध्यक्षाच्या खुर्चीवर हा गुण कामाला आला असणार.

तीन मतांचा विजय

१९३७ ला मुंबई प्रांताच्या विधानसभेवर निवडून आले आणि तिथले अध्यक्ष झाले. तेव्हा महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटकचा काही भाग मिळून मुंबई प्रांत होता. आपला मराठवाडा त्यात नव्हता, आपण निजामाच्या राज्यात होतो.

मग आलं १९४६. दिल्लीत मध्यवर्ती विधानसभा होती, राज्य इंग्रजांचं. तिच्या अध्यक्षपदासाठी काँग्रेसनं मावळंकरांना उभं केलं. समोर सर कावसजी जहांगीर, त्यांना सरकारी बाजूचा पाठिंबा. २४ जानेवारी १९४६ ला मतदान झालं. मावळंकर ६६, जहांगीर ६३. फक्त तीन मतांनी जिंकले. सरपंचाच्या निवडणुकीतसुद्धा एवढा जवळचा निकाल लागला की गावात चार दिवस चर्चा चालते.

१४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री ती सभा संपली. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला संविधान सभा कायदेमंडळ म्हणून बसायला लागली, तेव्हा मावळंकर तिचे अध्यक्ष झाले. आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर १५ मे १९५२ ला लोकसभेचे पहिले अध्यक्ष.

ही निवडणूकही बिनविरोध झाली नाही. पंडित नेहरूंनी मावळंकरांचं नाव सुचवलं. विरोधकांनी उभे केले शंकरराव मोरे. सोलापूरचे खासदार, शेतकरी कामगार पक्षाचे मोठे पुढारी. शेकाप म्हटलं की आपल्याकडं कंधारचे केशवराव धोंडगे आठवतात, मोरे त्याच पक्षाच्या आधीच्या पिढीतले. म्हणजे देशाच्या पहिल्या लोकसभेच्या अध्यक्षपदासाठी दोन मराठी माणसं समोरासमोर होती. मावळंकरांना ३९४ मतं, मोऱ्यांना ५५. यातली भारी गोष्ट अशी की खुद्द मोऱ्यांनी आपलं मत मावळंकरांना दिलं. आजच्या राजकारणात हे सांगितलं तर कुणाला पटायचं नाही.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला होता. त्यामुळं ही पहिलीच लोकसभा, जिच्यासाठी आपल्या आज्या-आजोबांनी मत टाकलं. त्या सभागृहाचं काम कसं चालणार, हे ठरवायचं काम मावळंकरांवर आलं.

वेळेची पाळी

कालव्याच्या पाण्यावर शेती असणाऱ्याला हे सांगायला नको. पाण्याची पाळी ठरलेली नसली की वरच्याचं रान भिजतं आणि टेलचं कोरडं राहतं. सभागृहातला वेळ तसाच आहे. तो ठरवून वाटला नाही तर सगळा वेळ सरकार आणि मोठे पक्ष घेतात. लहान पक्षाचा, मागच्या बाकावरचा खासदार टेलला राहतो.

मावळंकरांनी ही पाळी बसवली. १९५२ ला कामकाज सल्लागार समिती नेमली. कोणत्या विधेयकाला किती तास द्यायचे, हे ती समिती ठरवते. अध्यक्ष स्वतः तिचे प्रमुख असतात आणि वेगवेगळ्या पक्षांचे लोक तिथं बसतात. आजही हीच पद्धत आहे.

इंग्रजांच्या काळातही प्रश्न विचारता येत होते, पण ते सरकार लोकांनी निवडलेलं नव्हतं. उत्तर गोलमाल दिलं तरी त्याचं काही बिघडत नव्हतं. मावळंकरांनी प्रश्नोत्तराचा तास दिवसाच्या कामाचा पक्का भाग केला. मंत्र्यानं उभं राहायचं आणि उत्तर द्यायचं. उत्तरानं समाधान झालं नाही तर त्यावर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. मोठ्या विषयावर अल्पकालीन चर्चा मागता येते. या सोयी त्यांच्याच काळातल्या.

आज हा तास सकाळी अकरा ते बारा असतो. यादीत तारांकित प्रश्न वीस. त्यांचं उत्तर मंत्री तोंडी देतो, आणि त्यावर लगेच पूरक प्रश्न विचारता येतो. अतारांकित प्रश्न २३०, त्यांचं उत्तर लेखी. प्रश्न निदान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. कुणाचा प्रश्न आधी, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं सोडतीनं ठरतं. तिथं पुढाऱ्याचा वशिला चालत नाही.

शुक्रवारी दुपारचे अडीच तास खासगी सदस्यांचे. मंत्री नसलेला कुठलाही खासदार आपलं विधेयक किंवा ठराव तेव्हा मांडू शकतो. हा वेळ सरकारी कामात वाहून जाऊ नये म्हणून मावळंकरांच्या काळात, १९५३ ला, वेगळी समिती झाली.

त्याच वर्षी आणखी एक समिती झाली. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. आश्वासन समिती. मंत्र्यानं सभागृहात सांगितलं की माहिती गोळा करतोय, किंवा विचार करू, किंवा लवकरच करू, तर ते वाक्य वहीत लिहिलं जातं आणि समिती त्याच्या मागं लागते. तीन महिन्यांत ते पूर्ण करायचं असा नियम आहे. उशीर होतो, मुदतवाढ मागितली जाते, हे खरं. पण शब्द विसरला जात नाही. भूकंपानंतर आपण आश्वासनं किती ऐकली, हे किल्लारीकरांना सांगायची गरज नाही. सभेतल्या भाषणात दिलेला शब्द हवेत जातो. सभागृहात दिलेला कागदावर राहतो. फरक एवढाच, पण लई मोठा.

आपण आज लोकसभा म्हणतो, ते नावही त्यांच्याच तोंडून जाहीर झालं. १४ मे १९५४ ला त्यांनी सभागृहात हे हिंदी नाव सांगितलं आणि तेच रूढ झालं.

सरकारलाही ऐकवलं, विरोधकांचंही ऐकून घेतलं

मावळंकर काँग्रेसचे, नेहरू काँग्रेसचे. तरी अध्यादेशाच्या बाबतीत त्यांनी नेहरूंना पत्रं लिहून स्पष्ट नापसंती कळवली. अध्यादेश म्हणजे सभागृह बसलेलं नसताना सरकारनं काढलेला तात्पुरता कायदा. फारच निकड असेल तरच तो काढावा, सोय म्हणून काढू नये, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर सगळ्याच पक्षांच्या सरकारांनी हा रस्ता वापरला. २०२० चे तीन कृषी कायदेसुद्धा आधी जून महिन्यात अध्यादेश म्हणूनच आले होते, हे शेतकऱ्यांना आठवत असेल. सत्तर वर्षांपूर्वी या माणसानं ज्याची काळजी केली, ती आजही जुनी झालेली नाही.

पण त्यांच्यावर नाराज असणारेही होते. स्थगन प्रस्ताव, म्हणजे ठरलेलं काम थांबवून तातडीचा विषय घ्या अशी मागणी, ते सहसा मान्य करत नसत. वेळ ठरलेला आहे, तो मोडायचा नाही, हा त्यांचा स्वभाव. विरोधकांना वाटायचं, आमचा आवाज दाबला जातोय. अध्यक्ष झाल्यावरही त्यांनी पक्ष सोडला नव्हता, त्याचीही टीका होई. शेवटी १८ डिसेंबर १९५४ ला त्यांना पदावरून दूर करण्याचा ठरावच लोकसभेत आला. त्या चर्चेच्या वेळी उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार खुर्चीवर होते. विरोधकांनी तोंडावर बोलून घेतलं. ठराव फेटाळला गेला. पण अध्यक्षालाही सभागृहापुढं उत्तर द्यावं लागतं, हा पायंडा त्यांच्या काळातच पडला.

माझं स्वतःचं मत विचाराल तर दोन्ही बाजूंत तथ्य होतं. पाळी काटेकोर असावी, पण कुणाच्या घराला आग लागली तर पाळी मोडून पाणी द्यावं लागतं. ती आग कुठली आणि धूर कुठला, हे ओळखणं हेच अध्यक्षाचं खरं काम.

शेवट आणि मागं राहिलेलं

जानेवारी १९५६ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. २७ फेब्रुवारी १९५६ ला अहमदाबादेत त्यांचं निधन झालं. वय ६७. त्यांच्या जागेवर अहमदाबादमधून त्यांच्या पत्नी सुशीलाबाई लोकसभेवर गेल्या. पुढं मुलगा पुरुषोत्तम मावळंकरही खासदार झाले.

त्याच खुर्चीवर पुढं आपल्या लातूर जिल्ह्यातला माणूसही बसला. चाकूरचे शिवराज पाटील १९९१ ते १९९६ लोकसभेचे अध्यक्ष होते. म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा देशाच्या लोकसभेचा अध्यक्ष आपल्याच जिल्ह्यातला होता.

आता आपल्या कामाचं. गोंधळ होऊन प्रश्नोत्तराचा तास वाया गेला की लेखी उत्तरं पटलावर ठेवली जातात, पण पूरक प्रश्न बुडतात. सोयाबीनच्या भावाचा प्रश्न यादीत असला, मंत्र्याचं छापील उत्तर मिळालं, पण हमीभावानं खरेदी का झाली नाही हे उभं राहून विचारायची संधी गेली. नुकसान कुणाचं झालं, तर टेलच्या शेतकऱ्याचं. गोंधळ कुठलाही पक्ष करो.

दुसरी गोष्ट, ही यादी लपवलेली नसते. संसदेच्या संकेतस्थळावर रोजची कार्यसूची असते. आपल्या खासदाराच्या नावानं शोधलं तर त्यानं कोणते प्रश्न विचारले आणि सरकारनं काय उत्तर दिलं, हेही दिसतं. औसा तालुका धाराशिव लोकसभा मतदारसंघात येतो, हे लक्षात ठेवून शोधा. पीकविमा, पुनर्वसित गावांचे राहिलेले प्रश्न, तेरणेचं पाणी, यावर काय विचारलं गेलं ते बघा. काहीच सापडलं नाही, तर पुढच्या वेळी खासदार गावात आले की अधिवेशनाच्या पंधरा दिवस आधी प्रश्न लिहून त्यांच्या हातात द्या. प्रश्नाची वेळ मावळंकरांनी राखून ठेवली आहे. तिथं आपला प्रश्न पोचवायचं काम आपलं.