विस्मृतीत गेलेली संगीतकार : लुईझ फारांक

पाश्चात्त्य अभिजात संगीताचा विषय निघाला की बेथोव्हन, शुमान, शोपँ ही नावे आपल्या ओठांवर सहज येतात. शुमान आणि शोपँ यांच्याच काळात पॅरिसमध्ये सिंफनी रचणाऱ्या लुईझ फारांक यांचे नाव मात्र आपल्यापैकी थोड्यांनीच ऐकले असेल. त्यांचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

लुईझ यांचा जन्म ३१ मे १८०४ रोजी पॅरिस येथे, द्युमाँ या शिल्पकारांच्या घराण्यात झाला. पियानोवर त्यांनी लहानपणीच प्रभुत्व मिळविले. परंतु पॅरिसच्या संगीत विद्यालयातील रचनेचे वर्ग त्या काळी केवळ पुरुषांसाठी असत. म्हणून वयाच्या पंधराव्या वर्षी त्या तेथील प्राध्यापक आंतोन रायखा यांच्याकडे खाजगीरीत्या शिकू लागल्या. १८२१ साली बासरीवादक आरिस्तीद फारांक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे आरिस्तीद संगीत प्रकाशक झाले व पत्नीच्या रचना त्यांनी आवर्जून प्रसिद्ध केल्या.

१८४२ साली लुईझ त्याच विद्यालयात पियानोच्या प्राध्यापिका झाल्या आणि तीस वर्षे त्या पदावर राहिल्या. तथापि पुरुष सहकाऱ्यांपेक्षा त्यांना वेतन कमी मिळे. १८५० साली चार तंतुवाद्ये व पाच सुषिरवाद्ये यांसाठी लिहिलेली त्यांची 'नोनेट' ही रचना तरुण व्हायोलिनवादक योसेफ योआखिम यांच्या सहभागाने सादर झाली व तिचा मोठा गौरव झाला. त्यानंतर त्यांनी संचालक ओबेर यांच्याकडे समान वेतनाची मागणी केली आणि ती मान्य झाली.

१८५९ साली त्यांच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला. त्यांची एकुलती एक कन्या व्हिक्टोरीन, जी स्वतः गुणी पियानोवादक होती, ती दीर्घ आजारानंतर निवर्तली. त्यानंतर मातेची लेखणी नवनिर्मितीपासून जवळजवळ दूरच राहिली. मात्र त्या खचून गेल्या नाहीत. जुन्या काळच्या विस्मृत पियानोरचना गोळा करून पतीसमवेत त्यांनी 'पियानोवादकांचा खजिना' या अर्थाच्या नावाची ग्रंथमाला १८६१ पासून प्रसिद्ध केली. १८६५ साली पतीचे निधन झाल्यावरही त्यांनी ते कार्य एकटीने पुढे चालविले. १५ सप्टेंबर १८७५ रोजी त्यांनी देह ठेवला.

इतरांचे हरवलेले संगीत जतन करणाऱ्या या स्त्रीचे स्वतःचे संगीत मात्र शतकभर कपाटात पडून राहिले. ऑपेराच्या नादी लागलेल्या पॅरिसला त्यांच्या तीन सिंफनींचे मोल उमगले नव्हते. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची ध्वनिमुद्रणे निघू लागली आणि आज अनेक वाद्यवृंद त्या वाजवितात. आपल्या वाचकांनी निदान त्यांची जी मायनरमधील तिसरी सिंफनी एकदा ऐकावी, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.